डाव्या पिळाचा धागा

वाळ्यांचा आवाज थांबला, की शीतलच्या हातातला चिमटा आपोआप थांबायचा.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते, तरी ऊन उतरत नव्हतं. शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली तर दमट उकाडा नाकातोंडात भरे. मिरचीच्या दोन ओळींच्या मध्ये ती गुडघे मोडून बसलेली, मान खाली, डोळ्यांपुढं हरभऱ्याएवढी पांढरी कळी. कळी चिमट्यानं हलकेच उघडायची. आतले निळसर नर, म्हणजे पुंकेसर, एकेक करून काढायचे. मधला मादीचा नाजूक दांडा मोडू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दांड्याला दुसऱ्या जातीच्या फुलांची पावडर लावायची आणि देठाला लोकरीच्या धाग्याचे दोन वेढे देऊन पीळ मारायचा. धागा दिसला म्हणजे फूल क्रॉस झालं. बिनधाग्याचं ते तोडून फेकायचं. आणि धागा असूनही आत नर सापडले तर बियाण्याच्या कंपनीचे फील्डमन साहेब प्लॉटच बाद करायचे. तीन महिन्यांचं राबणं मग उकिरड्यावर.

शेडच्या दाराबाहेर पंधरा पावलांवर शेततळं होतं. काळा प्लास्टिकचा कागद, काठाला उतार, पाय पडला की पकडायला काही नाही. म्हणून तर दैवाच्या पायात घुंगरांचे वाळे घातले होते. पोरगी दोन महिन्यांनी चार वर्षांची होणार होती, अजून आई म्हणत नव्हती. हाक मारली तर ओ देत नव्हती. मग तिचा ठावठिकाणा कळायचा कसा? वाळ्यांनी.

छुन छुन. छुन.

मग काहीच नाही.

शीतलनं मनात पाच अंक मोजले. सहा. सात. हातातली कळी मोडली.

"दैवा!"

ओळीतल्या बायांनी माना वर केल्या. शीतल उठली, मुंग्या आलेल्या पायांनी धडपडत दाराकडं पळाली. तळ्याचं पाणी उन्हात चकाकत होतं, वर एक सुकलेलं पान तरंगत होतं. ती काठावर ओणवी झाली. खाली काळं, हिरवं, काहीच दिसेना. 

"अगं इकडं हाय तुझी पोरगी!" आतून कुणीतरी ओरडलं. "तुझ्याच ओळीच्या शेवटाला बसून राह्यली."

दैवा बांबूच्या खांबाला टेकून बसली होती. पुढ्यात लाल धाग्यांचे तुकडे. आणि दोन्ही पायांतल्या वाळ्यांवर तिनं लोकर गुंडाळली होती, घुंगरू न् घुंगरू झाकून, पट्टी बांधल्यासारखी. शीतलनं तिचा पाय हलवून बघितला. आवाज आला नाही.

शीतल तिथंच मातीत बसली. मारावं का कवटाळावं हे तिला कळेना.

*

"मी काय म्हणते, आता वेळ काढू नगा," झुंबरबाई म्हणाल्या. त्या शीतलच्या सासू. ताटापुढं बसलेल्या दैवाचा डावा हात त्यांनी फडक्यानं कमरेशी बांधला होता. डाव्या हातानं जेवू नये म्हणून. पोरगी उजव्या हातानं भाकरी चुरत होती, निम्मी मांडीवर सांडत होती. "आज वाळे गुंडाळले. उद्या तळ्यात जाईल. मंग बसा बोंबलत."

बबलू, शीतलचा नवरा, खाली मान घालून जेवत होता. त्यानं जालन्याहून फारम आणला होता. मतिमंद मुलांची निवासी शाळा. सगळं तिथंच. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी आणायचं. फारम भिंतीतल्या देवळीत पाण्याच्या तांब्याखाली ठेवलेला होता. त्याच्यावर तांब्याचा ओला गोल उमटला होता.

"तिथं शिकवतेत," बबलू हळू आवाजात म्हणाला. "आपल्याला काय येतंय?"

"चार वर्षाचं लेकरू आईबिगर ऱ्हाईल का हो?" शीतल म्हणाली.

"आईपाशी राहून काय झालं?" झुंबरबाई म्हणाल्या. आणि मग गप्प बसल्या.

त्यांचं गप्प बसणं शीतलला जास्त भीतीचं वाटे. दैवाचं पूर्ण नाव दैवशाला, आणि या घरात आधीही एक दैवशाला होऊन गेली होती. झुंबरबाईंची पहिली लेक. तीही बोलायची नाही म्हणे. विहिरीच्या काठावर चिंचोके खेळत बसलेली असायची. एक दिवस झुंबरबाईंनी हाका मारमारून घसा बसवला, पोरीनं ओ दिली नाही. विहिरीच्या काठावर नुसते चिंचोके उरले होते. नणंदेनं बारशाला तेच नाव ठेवलं, तेव्हा झुंबरबाई काही बोलल्या नव्हत्या. नात बोलेना, तशा त्या तिला दैवा न म्हणता "ए पोरी" म्हणू लागल्या.

"शनिवारी फील्डमन येणार हाय," बबलू हात धुता धुता म्हणाला. "त्याचं तपासणं होऊन जाऊ दे. सोमवारी जालन्याला जाऊन भरून देऊ."

पुढचा सोमवार. आज रविवार. म्हणजे आठ दिवस. शीतलनं फडक्याची गाठ सोडली. दैवाच्या डाव्या मनगटावर लाल वळ उठला होता.

*

अंगणवाडीच्या शबनमताई दुसऱ्या दिवशी वजन घ्यायला आल्या, तेव्हा शीतल गोठ्यात शेण भरत होती. तिनं हात न धुताच सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता आवाज फुटला.

शबनमताईंनी दैवाला पुढ्यात घेतलं. पिशवीतून चुरमुऱ्याची पुडी काढून तिच्या पाठीमागं हळूच चुरगाळली. दैवा गर्रकन वळली.

"कान बराबर हैत," ताई म्हणाल्या. "जालन्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायलाच पायजे, चिठ्ठी मी देते. पण शाळेत टाकायची इतकी जल्दी कशाला? खेळती का ही?"

"दिवसभर खेळती. एकच एक."

"काय खेळती?"

शीतलला सांगता येईना. लेकरू गप्प बसलंय एवढंच तिनं आजवर बघितलं होतं. गप्प बसून काय करतंय हे कुठं बघितलं होतं?

"बघ मंग," ताई म्हणाल्या. "येडे, लेकरू खेळतंय म्हंजे टाइमपास न्हाई करत. त्याचं डोकं तिथंच चालून राह्यलेलं असतंय. एका वहीत लिहून ठेव. काय उचललं, आधी काय, मंग काय. मोडलं तर रडती का पुन्हा करती. डॉक्टर तेच इचारील तुला. तोंडानं न्हाई बोलत, तर हातानं बोलती का ते बघ."

"आणि हातानं पण न्हाई बोलली तर?"

शबनमताई उठल्या. दैवाच्या गालाला हात लावून बोटं आपल्या ओठांना लावली आणि पिशवी उचलली.

त्या दिवसापासून शीतल चोरून बघू लागली. दूध तापेपर्यंत, मोटारीनं टाकी भरेपर्यंत, बाया पाणी प्यायला उठल्या की तेवढ्या वेळात. वही पिठाच्या डब्याआड ठेवलेली. अक्षर घाईचं.

मंगळवार. बाटल्यांची टोपणं. मोठं खाली लहान वर. पडली. रडली न्हाई. पुन्हा लावली. चार वेळा.

बुधवार. टोपणात बारीक माती घेतली. कपाशीच्या पळाटीच्या काडीचं टोक नखानं सोललं. बोट मातीत बुडवलं. काडीला लावलं. मंग धागा. आधी धागा कधीच न्हाई.

इथं तिचा हात थांबला होता. सोलायचं, पावडर, धागा. पोरगी क्रॉसिंग खेळत होती.

गुरुवारी तिनं मुद्दाम एक काडी घेतली आणि दैवापुढं बसून नुसताच धागा गुंडाळला. दैवानं काडी हातातून ओढून घेतली. धागा सोडला. मग शीतलचं बोट धरलं, टोपणातल्या मातीत बुडवलं आणि काडीच्या सोललेल्या टोकाला टेकवलं. आईच्या तोंडाकडं एकदा बघितलं. मगच धागा परत दिला.

शीतलच्या अंगावर काटा आला. आनंदाचा होता की भीतीचा, तिला सांगता आलं नसतं. हे शहाणपण म्हणावं का येड? पाठीमागून झुंबरबाई म्हणाल्याच, "बघ. सकाळपासून त्याच काड्या. शहाणं लेकरू असं घाण्याच्या बैलासारखं फिरतं का?"

शीतलनं काडी उचलून बघितली. दैवाचा पीळ तिच्या स्वतःच्या पिळासारखा नव्हता. डाव्या हातानं गुंडाळलेला, उलट्या अंगानं चढत गेलेला. तिनं तसाच मारून बघितला. बोटं ऐकेनात.

*

शुक्रवारी दिवस मावळायला आला होता. बाया घरी गेल्या होत्या. शीतल आपल्या चार ओळींवरून नजर फिरवत येत होती, उद्याच्या तपासणीसाठी. दाराजवळच्या त्या चार ओळी तिच्याच. लाल धागे मंद उजेडात तपकिरी दिसत होते.

एका झाडापाशी ती थांबली. धागा वाकवून बघितला.

उलटा पीळ.

ती आणखी खाली वाकली. पुढचं झाड बरोबर होतं. त्याच्या पुढचं. मग एका फांदीवर पुन्हा उलटा. खालच्या अंगाला, जिथं चार वर्षांच्या लेकराचा हात पोचतो तिथं. तिसऱ्या ओळीत अजून एक. अजून एक.

वाळे गुंडाळून पोरगी आवाज न करता कुठं फिरत होती ते तिला आत्ता कळलं.

दैवानं न केलेल्या फुलांना धागे गुंडाळून ठेवले असणार. काडीला गुंडाळते तसेच. आत नर तसेच असणार. उद्या साहेब त्यातलंच एखादं उघडणार. प्लॉट जाणार तो जाणारच, पण कुणी केलं हे कळलं की मग सोमवारचीही वाट कोण बघणार? बबलू तरी काय म्हणणार? झुंबरबाई तर पोरीचं गाठोडं आजच बांधतील.

"शीतल! चुलीवर काय ठेवलंय का न्हाई?" बाहेरून सासूची हाक आली.

"आले आत्याबाई!"

आवाज आपला नसल्यासारखा निघाला. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. भाकरी थापताना तिची एक भाकरी तव्यावरच करपली, ते बबलूनं बघितलं आणि विचारलं, "बरं न्हाई का?" ती मान हलवून म्हणाली, "धूर गेला डोळ्यात."

उजाडता उजाडता ती दैवाला कडेवर घेऊन शेडमध्ये शिरली. पानांवर दव होतं. साहेब नऊला येणार. तिनं दैवाला ओळीच्या तोंडाशी उतरवलं आणि वाकली. धागा धरायचा, पीळ बघायचा. उलटा असला की देठासकट खुडायचा आणि पदराच्या ओट्यात टाकायचा. घाईत दोन वेळा चांगली फांदीच मोडली. पहिल्या ओळीत चार निघाले. दुसरीत तीन. बाहेर मोटारसायकल वाजली, तशी ती थिजली. दूधवाला होता. तिसरीत आणखी चार. उघडून बघायला वेळ होता कुठं? आणि बघायचं तरी काय होतं?

बाराव्या धाग्याला तिनं हात घातला आणि दैवा ओरडली.

शब्द नव्हता. घशातून निघालेला खरखरीत आवाज, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. तिनं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. शीतलनं हिसडा दिला तर ती मनगटाला चावली.

"सोड! सोड दैवा, साहेब येतील गं!"

दैवानं सोडलं. पण हात सोडून ती फुलावर वाकली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी सुकत आलेल्या पाकळ्या बाजूला केल्या, अगदी हलकेच, दांडा न मोडता. आणि आईच्या तोंडाकडं बघितलं.

आत नर नव्हते. एकही नाही. मधला दांडा तेवढा उभा, आणि बुडाशी हिरवं बोंड धरू लागलेलं.

शीतलनं डोळे पुसून पुन्हा बघितलं. ते फूल क्रॉस झालेलं होतं. चिमट्याची बारीक खूणही होती. तिच्याच चिमट्याची. तिच्याच ओळी ह्या. तिनं पुढचं उलट्या पिळाचं फूल शोधलं. उघडलं. तेही रिकामं. त्याच्या पुढचंही.

फारम घरात आल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पावडर लावायची आणि वाळ्यांचा आवाज ऐकायला मान वळवायची. धागा बांधायचा राहून जायचा. तिच्या मागून एक पोरगी बिनआवाजाची फिरत होती. सोललेलं, पावडर लावलेलं, पण धागा नसलेलं फूल शोधत होती. सोलायचं, पावडर, मग धागा. आईनं अर्धा सोडलेला खेळ ती पुरा करत होती.

शीतलनं ओटा सोडून बघितला. अकरा फुलं. एकेक उघडलं. अकराही रिकामी. अकराही चांगली, आणि आता मेलेली.

ती दैवाला पोटाशी धरून वाफ्यात बसून राहिली. मनगटावर दातांचे ठसे दुखत होते.

*

राधेश्याम फील्डमन साहेब नऊच्या आधीच आले. हातात भिंग, काखेत वही. मागं बबलू, त्याच्या मागं झुंबरबाई, आणि बाया आपापल्या ओळींपाशी उभ्या. शीतल दाराशी होती. दैवा तिच्या पदराआड. मुलांना प्लॉटात आणायचं नाही असा कंपनीचा नियमच होता, हे तिला आत्ता आठवलं आणि तिनं पदर अजून पुढं ओढला.

साहेबांनी मधल्या ओळी बघितल्या. "ठीक." कडेच्या बघितल्या. "ठीक." मग दाराजवळच्या चार ओळींत वाकले. एक फूल उघडलं. दुसरं. तिसऱ्यापाशी थांबले. धागा बोटांनी फिरवला.

"हा पीळ उलटा कुणी मारला?"

साहेबांनी बायांच्या हातांवर नजर फिरवली.

"बायांत कुणी डावखुरी हाय का?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. झुंबरबाईंनी कुणाकडंच बघितलं नाही. त्यांनी सरळ पदराआडच्या पोरीकडं बघितलं, तिच्या डाव्या हाताकडं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

मीच मारला म्हणावं. धागा कसा का असेना, काय फरक पडतो म्हणावं. शीतलच्या जिभेवर आलं होतं.

"माझ्या पोरीनं," ती म्हणाली.

"शीतल!" बबलू ओरडला. "साहेब, ती... आमची पोरगी जरा..."

"चार वर्षाचं लेकरू प्लॉटात?" राधेश्याम साहेबांचा आवाज चढला. "अन् धागे बांधतंय? सगळा प्लॉट घालवला का मंग तुम्ही!"

त्यांनी फूल उघडलं. भिंग लावलं. बराच वेळ वाकून राहिले. शेडच्या जाळीवर बाहेरून एक चिमणी टोचा मारत होती, तेवढाच आवाज. मग त्यांनी पुढचं उलट्या पिळाचं शोधलं. उघडलं. मग पुढचं. शीतल मोजत नव्हती, तिचा श्वास मोजत होता.

"साफ हाय," ते शेवटी म्हणाले, जरा चिडूनच. "सगळी साफ हैत. एकाबी कच्च्या फुलाला धागा न्हाई." त्यांनी पदराआडून डोकावणाऱ्या पोरीकडं बघितलं. "ह्या चार ओळी कुणाच्या?"

"माझ्या."

"धागे बांधायचे तुम्ही सोडून राह्यल्या होत्या. तिनं बांधलेत." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. "पोरीला इथून बाहेर ठेवा. मी बघितलं न्हाई. चहा ठेवा बबलूभाऊ."

*

दुपारच्या जेवणाला फडकं खुंटीलाच राहिलं. कुणी काढून घेतलं नाही, कुणी बांध म्हणालंही नाही. दैवानं डाव्या हातानं वरण-भाकरी खाल्ली आणि मांडीवर काही सांडलं नाही.

"डॉक्टरकडं ताईंची चिठ्ठी घेऊन जाऊ आधी," बबलू म्हणाला. "फारमचं..." त्यानं आईकडं बघितलं.

"सोमवारी नगं," झुंबरबाई म्हणाल्या.

फक्त सोमवारी नको, एवढंच. कधीच नको असं नाही. शीतलनं ते ऐकलं आणि ताटं उचलली. अकरा फुलं तिनं वहीच्या पानांत ठेवली होती. लिहिलं काहीच नव्हतं.

चूल सारवून ती ओसरीत आली, तर दैवा सावलीत बसलेली, पुढ्यात टोपण, काड्या, लाल धागे. आणि तिच्यासमोर झुंबरबाई, पाय दुमडून, पदर डोक्यावर. किती वेळच्या बसल्या होत्या कोण जाणे. त्यांनी एक पळाटीची काडी उचलली. इकडंतिकडं बघितलं. धागा घेतला आणि काडीला गुंडाळला.

दैवानं तो सोडला.

झुंबरबाई घाबरून हात मागं घेऊ लागल्या. तेवढ्यात पोरीनं त्यांचं बोट पकडलं. जुनं, शेणामातीत काळवंडलेलं, सांध्याशी वाकडं झालेलं बोट. दैवानं ते डाव्या हातानं घट्ट धरलं आणि टोपणातल्या मातीत बुडवलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली.

"दैवा," झुंबरबाई म्हणाल्या.